स्काला सॉफ्टवेअर: फुकटात घ्या आणि आधी भैरव टाकून बघा

मॅन्युएल ऑप दे कौल यांचं हे स्काला, नेदरलँड्सच्या हायखन्स-फोकर फाउंडेशनच्या साईटवर फुकट मिळतं, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालतं. स्वरांची सप्तकं टाकायची आणि कुठल्या स्वरापासून कुठला किती लांब याचा अख्खा तक्ता घ्यायचा, मी मुख्यतः तेवढंच वापरतो.

पहिल्या दिवशी माझीच माती झाली. फाईलमध्ये कोमल रे म्हणून १०० लिहिलं, पुढे पॉइंट द्यायचा राहिला. पॉइंट नसेल तर ते सेंट (सप्तकाचे १२०० बारीक भाग केले तर त्यातला एक) नाही, गुणोत्तर धरतं, म्हणजे माझा रे सा च्या शंभरपट वर जाऊन बसला! कुत्र्याला तरी ऐकू आला असेल. १००.० लिहा, आणि पहिला सा लिहायचाच नाही, तो धरलेलाच असतो.

मग बिलावल टाकला. दोन स्वर, तीन स्वर, कितीही पुढे जा, प्रत्येक अंतराचे दोनच प्रकार निघतात. याला मायहिलचा गुणधर्म म्हणतात, संगीताचे अभ्यासक क्लफ आणि गणितज्ञ मायर्सन यांनी १९८५ मध्ये मांडलेला. भूपाचंही तसंच. भैरवाचे टप्पे, पेटीच्या लागून-लागून पट्ट्यांनी मोजले तर, मात्र १-३-१-२-१-३-१, आणि तिथे प्रत्येक अंतराचे बरोब्बर तीन प्रकार. सा ते ग चार, रे ते म चार, ग ते प तीन, आणि नि ते रे फक्त दोन.

आता खरी मजा. यात १ चार वेळा, ३ दोनदा, २ एकदा. ही माळ गोल फिरते असं धरून सलग तितक्याच टप्प्यांचे कुठलेही दोन तुकडे उचला, कुठल्याही प्रकारचा टप्पा दोन्हीकडे फार तर एकाने कमी-जास्त. फ्रेन्केल या इस्रायली गणितज्ञाचा अंदाज असा की टप्प्यांचे प्रकार तीन किंवा जास्त असतील, प्रत्येक प्रकार वेगवेगळ्या संख्येने यायला हवा आणि वाटणी अशी समतोल हवी तर सुरुवात कुठूनही करा, नक्षी एकच. तीन प्रकारांना ४-२-१ वेळा, म्हणजे आपला भैरव! चार प्रकारांना ८-४-२-१, पंधरा स्वर. सात प्रकारांपर्यंत सिद्ध झालंय, आठपासून पुढे सगळ्यांसाठी अजून कुणालाच जमलेलं नाही.

ते काही स्काला सोडवून देत नाही, ते फक्त मोजतं. पण ते पंधरा स्वर टाकून वाजवून बघता येतात, मी बघितले, बायको म्हणाली पेटीत उंदीर शिरलाय का.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण कमांड शिकायला माझे दोन रविवार गेले.