असांका: आठ महिने वापरून झाल्यावर

परवा माझ्या असांकाला, म्हणजे घानातल्या आतून खाचा असलेल्या, वाटायच्या मातीच्या भांड्याला, बुडाशी तडा गेला. उरलेल्या चटणीसकट फ्रिजमधून काढला आणि त्या गारठलेल्या मातीवर कडकडीत पाम तेल ओतलं. भांड्याचा दोष नाही. दुसऱ्याच दिवशी नवा आणला, म्हणजे माझं मत कळलंच. पण घेणाऱ्यांनी आधी कचकचीचं वाचा.

विकणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, धुतला की झालं. नाही झालं! पहिलाच ठेचा दाताखाली कचकचला. मूठभर मिरच्या, अख्खा लसणाचा गड्डा, भाजलेले दाणे, सगळं फेकलं. इथे घानातल्या कुमासी शहरात मिरची महाग असते तेव्हा फारच असते. तक्रार घेऊन गेले तर उत्तर मिळालं, मातीला माती लागणारच. शेवटी शेजारच्या आंटींनी कच्च्या कसाव्याचे (ज्याचा साबुदाणा होतो त्या कंदाचे) तुकडे त्यात वाटून टाकून द्यायला लावले. पाचव्या खेपेला धुवण नितळ आलं. हे विकतानाच का सांगू नये?

आतल्या खाचांचाही मला दोन महिने राग होता. कूट अडकतं, ब्रशने खरवडावं लागतं. आता त्याच खाचांसाठी मी मिक्सर काढत नाही. मिक्सरमध्ये टोमॅटो फेसाळतो. इथे साल फाटते, रस सुटतो, बी अख्खं राहतं. टापोली, म्हणजे वाटायचा लाकडी दांडा, मधल्या बारीक कमरेला धरून दाबत फिरवायची. खलबत्त्यासारखी ठोकू नका, खाचा बोथटतात. डमसॉर (इथलं वारंवारचं भारनियमन) सुरू झालं, वीज गेली, तरी चटणी होते.

आंटींच्या जुळ्या नातींच्या वाढदिवसाचा इतो माझ्याच असांकात झाला: यम (सुरणासारखा कंद) कुस्करून पाम तेल, वर सोललेली उकडलेली अंडी. त्या दिवसापासून ॲल्युमिनियमचा घ्यायचा विचार सोडला.

नवा पान्क्रोनोहून, कुमासीजवळच्या कुंभारगावातून आणला. तिथल्या बायका चाक वापरत नाहीत, स्वतःच भांड्याभोवती फिरत घडवतात. भाजलेलं गरम भांडं पालापाचोळ्यात दडपलं की धुराने काळं होतं. इथल्या अकान लोकांत नातलगांचे केस घालून मृतासाठी ठेवायची 'अबुसुआ कुरुवा' (कुळाचं भांडं) हीही मातीचीच. या वेळी मी टिचकी मारून, खाचांतून नख फिरवून घेतला. ४० सेडी, घासाघीस केली नाही.

कसावा तीनदा वाटून झालाय. पाणी अजून गढूळ येतंय.