सागवनाचं वय काढायचं तर लँडसॅट की सेंटिनेल?

पेंच, बोर किंवा उमरेडकडच्या सागवनाचा वयानुसार नकाशा करायला बसलं, की हा प्रश्न येतोच. माझं मत आधीच सांगते: वय हवं असेल तर लँडसॅट, आजची अवस्था हवी असेल तर सेंटिनेल-२. दोन्ही पृथ्वीची चित्रं घेणाऱ्या उपग्रहांच्या मालिका आहेत, लँडसॅट अमेरिकेची आणि सेंटिनेल युरोपची. चित्रं दोघांचीही फुकट मिळतात.

उपग्रहाला वय दिसत नाही, वरचं छत्र दिसतं. वय निघतं जुन्या चित्रांवरून: कूप (तोडीसाठी आखलेला रानाचा तुकडा) कोणत्या वर्षी तुटला आणि हिरवळ केव्हापासून परत चढू लागली. लँडसॅटची ३० मीटरची मालिका, म्हणजे चित्रातला एक चौकोन जमिनीवर ३० मीटरचा, १९८२ पासूनची आहे. पहिला सेंटिनेल-२ अवकाशात गेला २०१५ साली. त्यामुळे १९९५ चं रोपवन त्याला पहिल्या चित्रापासूनच मोठं दिसतं. ते वीस वर्षांचं की चाळीस, हे तो सांगू शकत नाही.

पण बारकावा सेंटिनेलचाच. रोपं २ बाय २ मीटरवर लावली असतील, तर लँडसॅटच्या एका चौकोनात २२५ रोपं येतात, सेंटिनेलच्या १० मीटरच्या चौकोनात २५. नाल्याकाठची चिंचोळी पट्टी, विरळणी झालेला तुकडा, रोपवनाची कड, हे सगळं त्यातच नीट सुटं होतं.

खरी फसगत महिन्यात आहे. माझ्या पहिल्या नकाशासाठी मी ढग नाहीत म्हणून एप्रिलचं चित्र घेतलं. त्यात चांगल्या घेराचं सागवान पडीक रानासारखं उमटलं, कारण तेव्हा सागाला पानच नसतं. नोव्हेंबरचं चित्र घ्या. आकाश मोकळं असतं आणि पान अजून टिकलेलं असतं. दरवर्षी तोच महिना ठेवा, नाहीतर पानगळ तोडीसारखी दिसेल.

सेंटिनेल-१ चं रडार ढगांतून बघतं, पण दाट रानात ते वरच्या पाना-फांद्यांवरूनच बरंचसं परततं. उंची हवी असेल तर जेडीचं (GEDI, अंतराळ स्थानकावरचं नासाचं यंत्र) लेझर मोजमाप जोडा. ते २५ मीटरच्या सुट्या ठिपक्यांत मिळतं, सलग नाही.

आणि एक. तोडलेल्या बुंध्यातून सागाला धुमारे फुटतात. नकाशा त्यांना दहा वर्षांचे म्हणेल, मुळं मात्र कितीतरी जुनी असतील. म्हणून काही कक्षांत (वनखात्याने आखलेल्या रानाच्या भागांत) स्वतः जाऊन घेर मोजा आणि लागवडीचं वर्ष रोपवनाच्या नोंदवहीशी ताडून बघा. वन विकास महामंडळाचं मुख्यालय नागपुरातच आहे. विचारायला तिथूनच सुरुवात करा.