वेतन सोडावे की काम धरून राहावे?
ख्रिस्ताला सर्वस्व वाहायचे म्हणजे काय, याची दोन उत्तरे महाराष्ट्रातच सापडतात. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यास पत्करला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्ताच्या अनुयायांचा बंधुसंघ मांडला. हा मार्ग तेजस्वी खरा. पण अशा त्यागाची झळ घरच्यांनाही लागते, हे सहसा कोणी बोलत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात, दुष्काळातून आणलेल्या बायका-मुलींचे जेवणखाण, शिक्षण, शेती आणि छापखाना सांभाळतच, बायबलचे मराठी भाषांतर केले. नोकरी, मुले आणि कर्जाचे हप्ते असलेल्या ख्रिस्ती माणसासाठी मला ही दुसरी वाट अधिक आवाक्यातली वाटते, मात्र सोपी नव्हे. कारण तिथे प्रार्थनेइतकाच चोख हिशेब आणि हाताखालच्या माणसांशी नीट वागणेही मोजले जाते.