जुळे सोलापूरचं फिजिओ सेंटर, मणक्याच्या पेशंटसाठी

आमचे अण्णा चादरीच्या कारखान्यात मागावर होते, 2 वर्षांपूर्वी जिन्यावरून पडले आणि मणक्याला मार बसला. पायात थोडा जीव आहे पण रात्री पाय असे आखडायचे की गुडघे पोटाशी यायचे, वर आग आग व्हायची, जन्मभर विणलेली चादर पायाला नुसती लागली तरी ओरडायचे.

आधी एका ठिकाणी जायचो तिथं मशीन लावायचे, 20 मिनिटं झाली की पुढचा पेशंट, आणि त्रास सांगितला की बॅक्लोफेन (स्नायू सैल करायची गोळी) वाढवून घ्या. वाढवली तर अण्णा दिवसभर गुंगीत, खुर्चीत बसवताना पाय टेकायचे तेही टेकेनात.

इथं पहिल्या दिवशी मशीनच नाही. मॅडमनी पाऊण तास विचारपूस केली, झटके कधी येतात, लघवी गढूळ होते का, पोट साफ होतं का. मग गुडघा आधी सावकाश सरळ केला, झाला सरळ, मग तोच झटकन केला तर मधेच अडकला. म्हणाल्या ही स्पॅस्टिसिटी, म्हणजे झटकन हलवलं की स्नायू कडक होऊन अडतो, स्नायू कायमचा आखूड झाला असता तर सावकाश पण सरळ झाला नसता. ॲशवर्थच्या मोजमापात (स्नायूंचा कडकपणा 0 ते 4 मोजतात ते) उजव्याला 2 आणि डाव्याला 1+ लिहिलं. आणि मग मोजे काढायला लावले, उजव्या अंगठ्याचं नख मांसात रुतून पू झालेला!! अण्णांना तिथं नीट कळतच नाही, त्यामुळं दुखण्याऐवजी झटके वाढले होते. इतके महिने कुणी मोजा काढून बघितला नाही याचं फार वाईट वाटलं, आमच्यासकट.

नखावर उपचार झाल्यावर दहा दिवसात झोप लागायला लागली. आग मात्र नसेची, ती ताणून जात नाही म्हणून डॉक्टरांकडे पाठवलं, प्रीगॅबालिन हे नसांच्या दुखण्याचं औषध चालू झालं, 10 पैकी 8 होती ती आता 5 वर आहे, पूर्ण गेली नाही. थोडा कडकपणा मॅडमनी मुद्दाम राहू दिलाय, त्याच्या जोरावर अण्णा पलंगावरून खुर्चीत येतात. आणि बॅक्लोफेन मनानं एकदम बंद करू नका हे दोनदा बजावलं, फिट येऊ शकते.

रॅम्प फार चढा आहे, दोन माणसं लागतात, आणि थांबायला पत्र्याची शेड, एप्रिल-मेच्या उन्हात व्हीलचेअरवाल्या माणसाला तिथं बसवणं बरोबर नाही, हे त्यांनी बदलायलाच पाहिजे. सकाळची पहिली वेळ घ्या, जाताना गोळ्यांची चिठ्ठी आणि झटके लिहिलेली वही न्या, त्या आधी तेच मागतात.