अटकेआधी वळवावं की न्यायालयातून?

अमेरिकेत मानसिक संकटातल्या माणसाला तुरुंगाऐवजी उपचारांकडे नेण्याच्या दोन प्रमुख वाटा आहेत.

मेम्फिसमध्ये 1988 साली सुरू झालेल्या पद्धतीत 40 तासांचं प्रशिक्षण घेतलेले पोलीस शक्य तिथे अटक टाळून अशा माणसाला थेट उपचार केंद्रात पोचवतात. खरी मेख प्रशिक्षणात नाही, केंद्राच्या दारात आहे. कुणालाही परत न पाठवता तिथे पोलिसाकडून रुग्णाचा झटपट ताबा घ्यायला हवा. पोलिसाला आपत्कालीन विभागात तासन्‌तास ताटकळावं लागलं, की पुढच्या वेळी त्याला तुरुंगच सोपा वाटतो.

फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत 1997 पासून चाललेलं मानसिक आरोग्य न्यायालय अटकेनंतर काम करतं: आरोपीची संमती, उपचारांचा आराखडा, न्यायाधीशांपुढे वरचेवर हजेरी. गुन्हा दाखल झालाच असेल तर हीच वाट बरी. मात्र किरकोळ गुन्ह्यात देखरेख शिक्षेपेक्षाही लांबू शकते, आणि सुनावणीपर्यंत कोठडीत औषधांत खंड पडला तर प्रकृती आणखी ढासळते.