स्पर्ज नावाचं तण काढायला मेंढ्या बोलावल्या, त्याचा अनुभव

अमेरिकेत मोंटानात मिझूला शहराजवळ आमची चाळीस एकर उताराची गवताळ जमीन आहे. घेतली त्या जूनमध्ये अख्खा उतार पिवळाधमक झाला होता आणि आम्ही हौसेने फोटो काढत होतो. मग शेजारच्या आजोबांनी सांगितलं की हे लीफी स्पर्ज. आपल्या शेराच्या, दुधीच्या कुळातलं तण, देठ मोडला की पांढरा चीक येतो. त्या चिकाने गुरांच्या तोंडाची आणि पोटाची आग होते, म्हणून गाई त्याच्या आसपासचं चांगलं गवतसुद्धा सोडून देतात. मुळं पंधरा फुटांच्याही खाली जातात, त्यामुळे उपटून भागत नाही. पिक्लोरॅम हे तणनाशक फवारा, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. पण ते जमिनीत पाझरत राहतं, झाडांनाही मारतं, आणि आमच्या खालच्या अंगाला ओढा आहे, कॉटनवुडची जुनी झाडं आहेत. मेंढ्यांना मात्र हा चीक फारसा बाधत नाही, आणि मिझूला शहराने स्पर्ज आवरायला माउंट जम्बो डोंगरावर मेंढ्या चारल्या होत्या हे ठाऊक होतं. तेच करायचं ठरवलं.

पहिल्या वर्षी ज्यांना काम दिलं, त्यांनी कळप जुलैच्या शेवटी आणला. तोवर बोंडं पिकून दुपारच्या उन्हात तडतडत होती आणि बी लांब उडत होतं. शिवाय मेंढ्या दुसऱ्या स्पर्जच्या रानातून थेट ट्रकने आल्या होत्या. हे बी मेंढीच्या पोटातून जिवंत बाहेर पडतं, त्यामुळे अशा कळपाला आधी काही दिवस साध्या वैरणीवर ठेवायला हवं. पुढच्या वसंतात, जिथे ट्रक रिकामा केला होता नेमका तिथे नवा स्पर्ज उगवला. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर तीन वर्षं दुसऱ्यांकडून काम करून घेते आहे आणि ही सेवा मी मनापासून सुचवेन. मेच्या तिसऱ्या आठवड्यात, स्पर्ज वीत-दीड वीत असतानाच, तीनशे मेंढ्या येतात. सोबत विजेच्या जाळ्या, राखणीची दोन पांढरी पिरेनीज कुत्री आणि पेरूच्या डोंगराळ भागातले एक मेंढपाळ. खरे पैसे त्यांच्या नजरेचे आहेत. रोज संध्याकाळी ते गुडघ्यावर बसून बुडख्याशी हात फिरवून बघतात. मेंढ्या स्पर्ज सोडून मूळच्या गवताकडे वळल्या की त्याच दिवशी जाळी पुढे सरकते. जुन्या मेंढ्या शेंडा ओठांनी धरून झटक्यात तोडतात, नाकाखाली चीक वाळून काळपट होतो. नव्या मेंढ्या आधी नुसतं हुंगतात, मग त्यांचं बघून खायला लागतात.

मी महाडकडची. दिवाळीनंतर फलटणकडचे धनगर घाट उतरून यायचे, आजोबा त्यांना भात देऊन कापलेल्या खाचरात मेंढ्या बसवायचे, खतासाठी. रात्री मेंढ्यांभोवती वाघर, म्हणजे दोरीची जाळी, लावलेली असायची. इथली जाळी पहिल्यांदा बघितली तेव्हा तेच आठवलं.

मेंढ्या रुंद पानांची देशी फुलझाडंही खातात, हे आधी माहीत असू द्या. आमच्याकडे बाल्समरूट या अशाच देशी फुलझाडाचा एक मोठा ताटवा आहे. मी खुणेनेच मेंढपाळदादांना दाखवला, आणि त्यांनी जाळी वळवून तो बाहेर ठेवला. तेव्हापासून दरवर्षी न सांगता ठेवतात. कुत्री रात्रभर भुंकतात, पण इथे कोल्हे, लांडगे, डोंगरी सिंह (प्यूमा) सगळेच आहेत, तेव्हा ते चालवून घ्यायचं.

स्पर्ज गेलेला नाही. मुळं जिवंत आहेत आणि बी मातीत आठ वर्षंही टिकतं. पण यंदा फुलं तुरळक होती आणि मधल्या जागेत ब्लूबंच हे मूळचं गवत परत आलं आहे. एकाच वर्षासाठी बोलावणार असाल तर पैसे वाया जातील. सलग तीन-चार वर्षांचं बोलून घ्या, तारीख मेमधलीच मागा, आणि कळप त्याआधी कुठे चरला हे पहिल्याच फोनवर विचारा. ज्यांना सांगता येत नाही त्यांना काम देऊ नका.