सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीतलं सस्पेन्शनचं गॅरेज: हाफ माईल रनसाठी गाडी सेट करून घेतली, त्याचा पूर्ण अनुभव

गाडी स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस, 2.0 टर्बो पेट्रोल, पुढचे शॉकअप मॅकफर्सन आणि मागे मल्टीलिंक (प्रत्येक चाक बऱ्याच दांड्यांनी वेगळं धरलेलं). रिमॅप केलेली आहे (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवलेली), कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअप) टाकलेत, दिसायला भारी दिसावी म्हणून 35 मिमी खाली बसवली होती. गेल्या वर्षी एका खासगी धावपट्टीवर हाफ माईल म्हणजे 805 मीटरचा रन केला तेव्हा ताशी 180 किमीच्या पुढं गेलं की स्टेअरिंग एकदम हलकं व्हायचं आणि गाडी उजवीकडं सरकायला लागायची. मी डावीकडं थोडं वळवलं की ती जरा जास्तच डावीकडं यायची, मग परत उजवीकडं. दोन्ही रनला शेवटच्या 100 मीटरला मी पाय काढला. घाबरलो होतो.

त्यानंतर गावातल्या दोन ठिकाणी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घेतलं. दोन्ही ठिकाणी कॉम्प्युटरचा कागद हातात दिला, सगळे आकडे हिरवे, आणि गाडी होती तशीच. एका ठिकाणी तर मागच्या चाकांना हातच लावला नाही, "साहेब मागचं काय होत नसतं" म्हणाले. मल्टीलिंक गाडीला मागचा टो (चाकाचं तोंड किती आत किंवा बाहेर वळलंय ते) ॲडजस्ट होतो हे मला तेव्हा माहीत असून मी भांडलो नाही, ती चूक माझी.

मग विश्रामबागच्या एका मित्रानं कुपवाड एमआयडीसीतल्या या गॅरेजचं सांगितलं. बाहेर बोर्ड धड दिसत नाही, आत शेडमध्ये एक लिफ्ट, एक पिट आणि कोपऱ्यात चार वजनकाटे. मालकांना सगळे मामा म्हणतात, वय पंचावन्नच्या आसपास असेल. मी गाडीचं सगळं पुराण सांगितलं, रिमॅप किती, टर्बो कुठला, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाव्हणं, गाडी सरळ पळायला पायजे का नाय? मग आधी ती सरळ हाय का तेवढं बघू." पहिल्या दिवशी कुठलंच सेटिंग बदललं नाही, फक्त मोजमाप. मला ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडली.

सुरुवात टायरपासून. टॉर्च घेऊन खाली वाकले आणि साइडवॉलवरचे आकडे मोठ्यानं वाचायला लागले. मागच्या दोन टायरवर 2217 होतं, म्हणजे 2017 सालचा 22 वा आठवडा. नक्षी भरपूर होती, मला वाटलं चालतील. ते म्हणाले या टायरवर 200 चं सेटिंग मी करणार नाही, नवीन घेऊन या. स्पीडचं अक्षर पण बघायला सांगितलं, एच म्हणजे 210 पर्यंत, व्ही 240, डब्ल्यू 270, वाय 300. मिरजेतून दोन डब्ल्यू टायर घेतले, तो खर्च मनात नव्हता, पण त्यांचं बरोबर होतं.

मग चार काट्यांवर गाडी. काटे ठेवायच्या आधी पोरांनी गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल नळी काढली आणि चारही कोपरे एका पातळीत आणले, कुठं पत्रा, कुठं प्लाय घालून, अर्धा तास त्यातच गेला. टाकी अर्धी, अँटी रोल बारची (वळताना गाडी एका अंगाला कलू नये म्हणून असतो तो दांडा) लिंक सोडलेली, आणि मी हेल्मेट घालून सीटवर बसलेलो. डावं पुढचं 462 किलो, उजवं पुढचं 431, डावं मागचं 281, उजवं मागचं 318. एकूण 1492. डाव्या-उजव्या बाजूची बेरीज जवळपास सारखी, पण कोपऱ्या-कोपऱ्यातली बेरीज बघितली तर एका कर्णावर 780 आणि दुसऱ्यावर 712. चार पायाच्या स्टुलाचा एक पाय आखूड असतो तसं. पुढची दोन चाकं रस्ता सारख्या जोरानं दाबतच नव्हती आणि इंजिनची सगळी ताकद त्याच दोन चाकांतून जाते. मामांनी शर्यतीच्या छकड्याचं उदाहरण दिलं, दोन बैल सारख्या जोराचे नसले की गाडीवान कितीबी चांगला असू दे, छकडा एका अंगाला जाणारच.

नंतर दोरा. गाडीच्या दोन्ही बाजूंना स्टँड लावून मासेमारीचा बारीक दोरा ताणला आणि रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोऱ्यापर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीनं मोजलं. मशीनवर पण घेतलं, दोन्ही जुळलं. मागचं डावं चाक 5 मिनिटं बाहेर तोंड करून, उजवं 20 मिनिटं आत (इथं मिनिट म्हणजे डिग्रीचा साठावा भाग). म्हणजे गाडीचा मागचा भाग एकीकडं ढकलत होता आणि मी स्टेअरिंग थोडं तिरकं धरून ती सरळ चालवत होतो, वर्षभर. 80-100 ला हे कळत पण नाही.

आता खरा मुद्दा, ज्याच्यासाठी हा एवढा मोठा रिव्ह्यू लिहितोय. मामांनी पुढची स्प्रिंग काढली, नुसता शॉकअप परत बसवला आणि जॅकनं चाक 10-10 मिमी वर-खाली करत प्रत्येक वेळी टो किती बदलतो ते वहीत लिहीत गेले. लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) आणि टाय रॉड (स्टेअरिंगकडून चाकाला वळवणारा दांडा) दोन्ही आपापल्या कमानीत फिरतात, कंपनीनं त्या कमानी एका ठराविक उंचीला जुळवलेल्या असतात. गाडी 35 मिमी खाली बसवली की ते जुळणं मोडतं. आणि 200 ला गाडी उभ्या उंचीवर नसते ना, हवा पुढचं तोंड उचलते. वेग दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट होतो, 100 ला जाणवलं नाही ते 200 ला जाणवणारच. माझ्या गाडीचं तोंड 15-20 मिमी वर आलं की दोन्ही चाकं बाहेर तोंड करायला लागायची, आणि उजवं जास्त. उजवं जास्त का, तर पोरानं पहार घालून लोअर आर्म हलवला आणि मला बोलावून दाखवलं, त्याचा मागचा बुश (सांध्यातलं रबर) अर्धा फाटलेला, रबर कातड्यासारखं उघडत होतं. उभ्या गाडीला तो बरोबर जागेवर बसलेला दिसतो म्हणून कागदावर सगळं हिरवं.

म्हणजे अलाइनमेंट उभ्या गाडीचं बघून चालत नाही, ज्या वेगाला पळवायची त्या वेगाला गाडी जेवढ्या उंचीवर असणार तिथलं बघावं लागतं. अमेरिकेत युटाच्या बोनव्हिल सॉल्ट फ्लॅट्सवर 1949 पासून स्पीड वीक भरतो, तिथल्या गाड्यांचं सगळं डोकं यातच जातं. मिठावर ग्रिप कमी म्हणून लोक मुद्दाम वजन टाकतात, काही जण मागचा ॲक्सल बिनस्प्रिंगचा ठेवतात, आणि कास्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं तो मागं किती कललेला ते) आपल्या रोडच्या गाडीपेक्षा खूप जास्त देतात म्हणजे चाक आपणहून सरळ येतं, सायकल हात सोडून सरळ चालते त्यातला प्रकार. 1997 मध्ये नेवाडाच्या ब्लॅक रॉक वाळवंटात अँडी ग्रीननं थ्रस्ट एसएससी ताशी 1227.985 किमीनं पळवली, त्या गाडीला ॲक्टिव्ह सस्पेन्शन होतं, नाक किती वर-खाली ठेवायचं ते कॉम्प्युटर सांभाळत होता. आपल्याकडं कॉम्प्युटर नाही, म्हणून हे गणित शेडमध्ये आधीच करून ठेवायचं. हे मला कुपवाडमध्ये कुणीतरी वहीवर आकडे लिहून दाखवेल असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काम. दोन्ही बाजूचे बुश नवीन. उंची 35 वरून 20 मिमी खाली एवढीच ठेवली, आणि पुढचं तोंड मागच्यापेक्षा 10 मिमी खाली. पुढचा टो दोन्हीकडं 5 मिनिटं आत, म्हणजे तोंड उचललं की तो शून्याच्या जवळ येतो. मागं दोन्हीकडं 10 मिनिटं आत, सारखे. काट्यांवर परत घेतलं तर 446, 447, 297 आणि 302. शॉकअपचा रिबाउंड (दबलेला शॉकअप परत उघडताना किती अडवतो ते) मी मित्रांचं ऐकून जवळपास पूर्ण कडक ठेवला होता, तो चार क्लिक सैल केला. धावपट्टीला ओळीनं सांधे असतात, रिबाउंड फार कडक असला की चाक एका सांध्यावरून खाली यायच्या आत पुढचा सांधा येतो आणि गाडी हळूहळू खाली खाली बसत जाते, टायर जमिनीला नीट लागत नाही. मागचा बंप (शॉकअप दबताना किती अडवतो ते) मात्र थोडा वाढवला, सुटताना गाडी मागं कमी बसावी आणि पुढची चाकं फिरत राहू नयेत म्हणून.

मी म्हटलं मिरजेजवळ नवीन हायवेवर रात्री एक चक्कर मारू, 200 ला बघू. सरळ नाही म्हणाले. "उसाची ट्रॉली बिनलाइटची उभी असती, तिथं कसला रन." मला पटलं, आणि असं तोंडावर नाही म्हणणारा गॅरेजवाला मला जास्त भरवशाचा वाटतो.

निकाल असा की गेल्या महिन्यात त्याच धावपट्टीवर तीन रन केले. जीपीएसवर आधी 196 होते, आता 204, 207 आणि 206. इंजिनला हात लावलेला नाही, फरक एवढाच की शेवटपर्यंत पाय काढला नाही. स्टेअरिंग 200 ला पण हातात वजन देतं, नुसत्या बोटांनी धरलं तरी गाडी रेषेत राहते. तिसऱ्या रनला डावीकडून वारा होता, गाडी थोडी हलली आणि आपोआप परत आली, मी काही केलं नाही. ते दोन सेकंद मी विसरणार नाही.

आता न आवडलेलं. दोन दिवस सांगितले, गाडी चौथ्या दिवशी संध्याकाळी मिळाली, त्यातला एक दिवस टायरमुळं माझ्याकडून गेला पण बाकीचं त्यांचं. फोन उचलत नाहीत. बसायला जागा नाही, उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये जीव जातो. बिल एका ओळीत लिहून देतात, मजुरी आणि सेटिंग मिळून 11,500, बुशचे वेगळे, मी मागितल्यावर फोड करून दिली. आकड्यांची वही मात्र फोटो काढून देतात, ते मागून घ्या, पुढच्या वेळी कामाला येतं.

नुसती गाडी खाली बसवून घ्यायची असेल तर इथं जाऊ नका, ते करत नाहीत आणि समजावत बसतात. रनसाठी जाणार असाल तर रनच्या दिवशीचेच टायर लावून जा, पेट्रोल तेवढंच ठेवा, डिकी रिकामी करा आणि वजन करताना स्वतः सीटवर बसायची तयारी ठेवा. शनिवार सोडून जा, शनिवारी त्यांच्याकडं ट्रॅक्टर ट्रॉल्यांचं काम असतं.